संशोधकाने जगायचे कशावर?

लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि बुलढाणा जिल्ह्याचे नाव सर्वत्र पोहोचले. हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा प्रताप असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. आनंदाचीच गोष्ट! पण उद्या लोणार-मेहकरच्या एखाद्या तरुणाने याच पाण्यावर पीएच.डी. करण्याचे ठरविले, तर पाच वर्षे त्याने जगायचे कशावर?

केंद्राची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. मात्र त्यासाठी 'नेट'च्या गुणवत्ता यादीत वरचे स्थान हवे आणि वय तिशीच्या आत. महिला व मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत. तासिका तत्त्वावर शिकवून घर चालविणाऱ्या ग्रामीण पदवीधराचे वय तयारीतच उलटते. 'नेट'विना मिळणारे ८,००० रुपये केंद्रीय विद्यापीठांपुरते. अमरावती विद्यापीठ राज्याचे, म्हणून आपला विद्यार्थी तेथेही बाहेरच. एकुलत्या एक कन्येसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची स्वतंत्र अधिछात्रवृत्ती आहे, हे तर अनेक पालकांना ठाऊकच नसते.

राज्याने बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांमार्फत त्या त्या समाजघटकांसाठी दारे उघडली, हे स्वागतार्हच. परंतु २४ डिसेंबर २०२३ची सामायिक चाळणी परीक्षा, जुनीच प्रश्नपत्रिका आल्याने, १० जानेवारी २०२४ रोजी पुन्हा घ्यावी लागली! पीएच.डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार, असा सवालही त्याच सुमारास विधान परिषदेत झाला. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, दिले. तेव्हा त्यांनी हा हिशेब मांडला नव्हता.

शासनाने नोंदणीच्या दिनांकापासून रक्कम आणि जाहिरातीचे निश्चित वेळापत्रक द्यावे, ही मागणी रास्तच आहे. पण सारे शासनावर सोडून मोकळे होणे आपल्याला शोभत नाही. खरी कोंडी होते ती नोंदणी झाल्यापासून पहिला हप्ता हाती पडेपर्यंत. अमरावतीचा दीड-दोनशे किलोमीटरचा प्रवास, प्रयोगशाळेचा खर्च, शुल्क हे सारे त्याच काळात अंगावर येते आणि कित्येक जण तेथेच थांबतात. चिखली, खामगाव, मलकापूर येथील पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि सुस्थितीतील कुटुंबांनी एकत्र येऊन तालुक्यातील दोन-तीन संशोधकांना एवढ्या काळापुरती बिनव्याजी रक्कम द्यावी. हप्ता येताच ती परत यावी आणि पुढच्याला मिळावी. येत्या जूनच्या प्रवेशापूर्वी हे काम सुरू होऊ शकते.