दिव्यांग मुलाचं यूडीआयडी कार्ड: सेनगावच्या पालकाला लाभाआधी खर्चच का?

दिव्यांग मुलासाठीच्या बहुतेक सरकारी सवलती एका कार्डापाशी येऊन थांबतात: यूडीआयडी. अर्ज मोबाइलवर भरता येतो, पण मुलाची तपासणी मोबाइलवर होत नाही. त्यासाठी आजेगाव किंवा पानकनेरगावच्या पालकाला हिंगोली गाठावी लागते. चालू न शकणारं मूल कडेवर आणि दिवसाची मजुरी बुडालेली. तज्ज्ञ डॉक्टर त्या दिवशी नसले तर पुन्हा तीच फेरी.

नियम काय सांगतो?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. 2024 मध्ये नियम बदलले आणि प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. तीन महिन्यांत तर ऊसतोडीचा हंगाम सुरू होऊन कुटुंब गाव सोडून जातं! शिवाय लहान मुलांना अनेकदा ठरावीक मुदतीचंच प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपली की पुन्हा तपासणी, पुन्हा एसटी.

हातात किती पडतं?

केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन दरमहा 300 रुपये. तेही 18 वर्षांनंतर, 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेची अट धरून. म्हणजे मुलांना ते नाहीच. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपये विद्यावेतन आहे, वर्षातले दहा महिने. या दोन हजारांतून हिंगोलीच्या चार फेऱ्या आणि चार बुडालेल्या मजुऱ्या वजा केल्या, तर फार काही उरत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्चायची असते. पण घरपट्टीवर चालणाऱ्या छोट्या गावात मुळात उत्पन्नच किती?

स्कॉटलंडने 2021 मध्ये दिव्यांग मुलांसाठी नवा भत्ता आणला, तेव्हा प्रायोगिक सुरुवातीच्या भागांत वेस्टर्न आइल्स ही दूरची बेटंही होती. त्या भत्त्यात देखभालीचा एक भाग आहे आणि ये-जा करण्याचा दुसरा. आपल्याकडे प्रवास हा पालकाचा खासगी प्रश्न समजला जातो.

खरं तर हिशेब सोपा आहे. तीन-चार डॉक्टरांना घेऊन एक गाडी सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयात येणं स्वस्त, की तालुकाभरातल्या पालकांनी मुलं उचलून हिंगोलीला जाणं? शिबिर ही कधीमधीची मेहरबानी नको. महिन्यातला एक वार ठरवावा, तारीख आशाताईंमार्फत गावोगाव आधी कळवावी आणि तपासणीला आलेल्यांना तिकिटाचे पैसे तिथेच द्यावेत. पहिला वार दसऱ्याआधी, कोयते घेऊन गाड्या निघण्यापूर्वी हवा.