पडदा पाडता येत नाही तेव्हा...

काय दोस्तांनो, नाटकात वाक्य विसरलं की काय होतं? विंगेतून कुणीतरी हळूच आठवण करून देतं. फारच घोटाळा झाला, तर पडदा पाडायचा! पण समजा, पाहणारे लाखो लोक आहेत, विंगेतून बोललेलं सगळ्यांना ऐकू जाईल आणि पडदाच नाही. मग? टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये नाटकं अशीच व्हायची.

तेव्हा कार्यक्रम टेपवर साठवायची सोय नव्हती. कामाला येईल असं चित्रफितीचं यंत्र निघालं ते १९५६ साली, अमेरिकेत. तोवर नट स्टुडिओत जे बोलत, ते त्याच क्षणी घराघरांत दिसे. स्टुडिओत शेजारी शेजारी बरेच सेट मांडलेले. एक प्रसंग संपतोय तोच नट दबक्या पावलांनी, केबली चुकवत, दुसऱ्या सेटवर धावायचा. कोट बदलायचा तोही तेवढ्यातच! त्या वेळात प्रेक्षकांना दुसरंच पात्र दिसे, नाहीतर आधी काढून ठेवलेला फिल्मचा तुकडा.

आणि नाटक पुन्हा दाखवायचं असलं तर? अहो, पुन्हा करायचं! १२ डिसेंबर १९५४ च्या रविवारी बीबीसीने जॉर्ज ऑरवेलच्या कादंबरीवरचं '१९८४' हे नाटक दाखवलं. ते इतकं अंगावर आलं, की ओरड थेट पार्लमेंटपर्यंत पोचली. तरीही गुरुवारी सगळे नट पुन्हा उभे राहिले आणि पहिल्या वाक्यापासून सगळं नाटक केलं. त्या वेळी पडद्यावरचं चित्र फिल्म कॅमेऱ्याने टिपून ठेवलं, म्हणून गुरुवारचा प्रयोग आज पाहता येतो. रविवारचा गेला तो गेलाच.

आता एक खरी घडलेली, मन हेलावणारी गोष्ट ऐका. नोव्हेंबर १९५८. मँचेस्टरच्या स्टुडिओतून 'आर्मचेअर थिएटर' या मालिकेतलं 'अंडरग्राउंड' हे नाटक चालू होतं. बॉम्बहल्ल्यानंतर भुयारी रेल्वेत अडकलेल्या माणसांची ती कथा. गॅरेथ जोन्स हा ३३ वर्षांचा नट आपल्या पुढच्या प्रवेशासाठी येत होता. येता येता तो कोसळला. हृदयविकाराचा झटका! तो पुन्हा उठलाच नाही.

सेटवरच्या नटांनी त्याला पडताना पाहिलं, पण नेमकं काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता. आणि कॅमेरे तर चालूच! मग ते आपल्या मनानेच वाक्यं जुळवू लागले. 'तो इथं असता तर असं म्हणाला असता,' अशा थाटात त्याच्या वाट्याची माहितीही त्यांनीच सांगून टाकली. दिग्दर्शक टेड कोचेफ यांनी कथेचे धागे कसेबसे सांधले आणि नाटक शेवटास नेलं.

हे जमलं कसं? प्रत्येकाला फक्त आपलीच वाक्यं पाठ नव्हती, सगळी गोष्ट ठाऊक होती, म्हणून! पुढे टेपचा वापर वाढला आणि अशी नाटकं मागे पडली.

पण एक प्रश्न उरतोच. नाटक थांबवायला हवं होतं का? मला विचाराल तर, माणसापेक्षा नाटक मोठं नाही. पण आपला सोबती पडलेला दिसत असताना, त्याची जागा रिकामी वाटू नये म्हणून धडपडणाऱ्या त्या नटांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं? घरी, मित्रमैत्रिणींशी यावर मस्तपैकी वाद घाला. भेटू पुढच्या आठवड्यात!