केवळ दूध उकळून भागणार नाही

गवळ्याने दुधात पाणी किती घातले, हे पाहावयास लॅक्टोमीटर आहे. जंतूंचा बंदोबस्त चुलीवर होतो. परंतु चाऱ्यातून दुधाच्या स्निग्धांशात उतरणाऱ्या डीडीटी, डायऑक्सिन यांसारख्या चिवट रसायनांपुढे ही दोन्ही साधने पांगळी आहेत. दाट सायीवर संतुष्ट असलेल्या गृहिणीस हे कोण सांगणार?

१९७३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात पशुखाद्याच्या पूरक द्रव्याऐवजी अग्निरोधक रसायनाची पोती चुकून गेली. गाई आटल्या, खंगल्या. कारण कळावयास १९७४ उजाडले. तोवर ते दूध घरोघरी पोचले होते. पुढे सुमारे ३०,००० गुरे मारावी लागली. तेथे प्रयोगशाळांची वाण नव्हती. शेतकऱ्याची तक्रार वेळीच मनावर घेणाऱ्यांची होती.

आपल्याकडे शेतीतील डीडीटीस १९८९ मध्ये बंदी झाली, हे ठीक. पण शहरांच्या वेशीवर धुमसत्या कचऱ्यात तोंड घालणाऱ्या गाई आम्ही आजही पाहतो. शासनाने पशुखाद्याची व संकलित दुधाची या द्रव्यांसाठी नियमित तपासणी करून आकडे प्रसिद्ध करावेत, अशी आमची मागणी आहे. तपासणी महाग आहे, हे आम्ही जाणतो. तो भार मात्र गोपालकाच्या माथी मारू नये.