विरोध नाही हो, पण...

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. पाण्याची टाकी, पार्किंग, जिन्यातल्या चपला हे नेहमीचे विषय संपले आणि चहा येता येता सेक्रेटरींनी शेवटचा विषय काढला. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्याने जायचा होता. मालक परगावी असतात. भाडेकरू म्हणजे एक तरुण जोडपं, दोघंही नोकरी करणारी, आणि त्यांची लहान मुलगी. भाडं ठरलं होतं, डिपॉझिट ठरलं होतं. सेक्रेटरींनी कागदावरचं नाव वाचलं आणि क्षणभर कोणीच काही बोललं नाही. नाव मुसलमानाचं होतं.

मग सुरुवात झाली. "आमचा विरोध नाही हो, पण..."

या 'पण'च्या पुढे जे जे आलं ते तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. स्वयंपाकाचे वास येतील. (आमच्याच मजल्यावर दर रविवारी मटण शिजतं. त्याचा वास बहुतेक वेगळा असावा!) त्यांच्याकडे पाहुणे फार येतात. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर भाव पडेल. उगाच पोलिसांची कटकट नको. आणि सगळ्यात शेवटी, ज्यांना मी मनापासून मानतो असे एक काका म्हणाले, "माझ्यापुरतं विचाराल तर मला सगळे धर्म सारखेच. पण चार लोकांचा विचार करावा लागतो."

हे काका दरवर्षी वारीला जातात. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते आणि मग ती पुढे जाते, हे मला पहिल्यांदा काकांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला होता. पालखी दर्ग्यापाशी थांबलेली पाहून ज्यांना भरून येतं, त्यांना आपल्याच जिन्यात एक मुसलमान कुटुंब चालत नाही. काका ढोंगी असते तर मी एवढा विचारच केला नसता. ते ढोंगी नाहीत, म्हणून तर त्रास होतो.

आणि मी काय केलं? काही नाही. चहा प्यायलो. विषय 'सर्वानुमते' निकालात निघाला, आणि त्या सर्वांत मीही आलोच. पंधरा दिवसांत फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब राहायला आलं.

त्या दिवसापासून मला "सगळे धर्म सारखेच" या वाक्याचीच भीती वाटायला लागली आहे. किती स्वस्त वाक्य आहे हे! म्हणायला पैसा पडत नाही, घरातली एक वस्तू इकडची तिकडे करावी लागत नाही. शिवाय ते खरंही नाही. धर्म सारखे नसतात. देवाची कल्पना वेगळी, उपासना वेगळी, ताटात काय चालतं आणि काय नाही तेही वेगळं. सारखेच असते तर आदर करण्यासारखं काय उरलं असतं? आपल्यासारख्याला आपण मान देतो त्यात काय विशेष? जे आपल्याला पटत नाही, कदाचित कधीच पटणार नाही, ते मानणारा माणूस शेजारी राहायला आला की तिथून खरी परीक्षा सुरू होते. दर्ग्यावर चादर चढवणं सोपं, कारण संध्याकाळी आपण आपल्या घरी परत येतो.

कोणी म्हणेल, कायद्याचं काय? तर ऐका. संविधानाच्या पंधराव्या कलमाने धर्मावरून मज्जाव करायला बंदी घातली आहे. त्यात दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, विहिरी, तलाव, घाट आणि रस्तेही आहेत. खाजगी घर मात्र त्या यादीत नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा तिचा नियम न्यायालयाने वैध ठरवला. आमच्या सोसायटीच्या नियमात असलं काही नाही. उलट महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगीसुद्धा लागत नाही, आगाऊ कळवलं की पुरे. म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही जो अधिकार गाजवला तो आमचा नव्हताच. पण म्हणून कोर्टात कोण जाणार? नकार मिळालेलं कुटुंब दुसरं घर शोधायला लागतं. कायदा विहिरीपर्यंत आला, उंबऱ्यापाशी थांबला. उंबऱ्याच्या आत काय करायचं हे आपल्यावर सोडलंय, आणि आपण काय करतो ते हे असं.

गंमत बघा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका बाईंना मराठी म्हणून ऑफिससाठी जागा नाकारल्याची तक्रार व्हिडिओसकट सगळीकडे फिरली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर केवढा संताप! आपल्याच राज्यात आपल्याला जागा नाही? संताप योग्यच होता. पण तो संताप करणारे आणि परवाच्या मीटिंगमध्ये माना डोलावणारे हात तेच, तोंडं तीच. दार आपल्या तोंडावर आपटलं की अन्याय, आपण आपटलं की 'चार लोकांचा विचार'.

आता नेहमीचा प्रश्न. "ते तरी कुठे आपल्या धर्माचा आदर करतात? आधी त्यांनी सुधारावं." सुधारणेबद्दल वाद जरूर घालावा. मीही घालतो. आदर म्हणजे समोरच्याची प्रत्येक गोष्ट पटवून घेणं नव्हे. पण १९६६ साली तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढणारे हमीद दलवाई आमच्याकडे फ्लॅट मागायला आले असते, तर त्यांनाही तो मिळाला नसता. आम्ही फक्त नाव वाचलं असतं! ज्या मुलीला आम्ही घर नाकारलं ती अजून शाळेतही जात नाही. तिने नक्की काय सुधारायचं होतं?

जोतिबा फुल्यांनी तर याच्या कितीतरी पुढचं लिहून ठेवलंय. त्यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. बायको वाचून-विचार करून बौद्ध झाली, नवरा ख्रिस्ती झाला, मुलगी मुसलमान झाली, मुलगा सत्यधर्मी झाला, तरी चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एकत्र राहावं. हे लिहिणारा माणूस काही सगळ्यांना गोड बोलणारा नव्हता. धर्मातल्या लबाडीवर त्याच्याइतके कोरडे ओढणारे मराठीत फार थोडे. पण वाद ग्रंथाशी आणि जागा माणसाला, हा फरक त्याला कळत होता. पुण्यात राहून त्याने एका घरात चार धर्म नांदवायचं स्वप्न पाहिलं. सव्वाशेहून जास्त वर्षांनी आम्हाला एका इमारतीत दोन झेपत नाहीत.

काकांशी मी अजून बोललेलो नाही. बोलणार आहे. त्यांच्याबरोबर देहूला जाऊन दर्ग्यापाशी उभं राहूनच विचारावं, असं मनात आहे. वाईट वाटेल त्यांना. वाटू दे. मलाही वाटलंय.

तिसऱ्या मजल्यावरचा करार अकरा महिन्यांचा आहे. तो संपला की नवा कागद येईल, सेक्रेटरी नवं नाव वाचतील. नाव कोणतंही असो, "हा विषय आपल्या अधिकारातला नाही" एवढं एक वाक्य मी त्या दिवशी बोलणार आहे. मोठं शौर्य नाही, कळतंय मला. पण इथे लिहून ठेवतोय, म्हणजे चहाचा कप हातात आल्यावर मागे फिरता येणार नाही.