पैनगंगेचा जबाब शिंपल्यांकडून घ्या

जैनद-बेल्याच्या नदीकाठच्या बंधू-भगिनींनो,

‘समुद्र कुठं नि आदिलाबाद कुठं!’ हे आता पुरे. पऱ्हाटीवर फवारणी झाली की आपण पंप नाल्यात विसळतो. नाला पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता कालेश्वरला गोदावरीत, गोदावरी बंगालच्या उपसागरात. काकीनाड्याकडं शिंपल्या वेचून पोट भरणारी माणसं याच पाण्याच्या शेपटाला बसली आहेत.

नदी तपासायची म्हणजे साहेब येतात, बाटली भरतात, जातात. बाटलीत पाणी त्या घटकेचं. पूर ओसरल्यावर भरली, तर अहवाल गंगाजळाचा! गाळात रुतलेला शिंपला मात्र फारसा जागचा हलत नाही. दिवसरात्र पाणी ओढतो, गाळतो, सोडतो. कॅडमियम, शिसं, डीडीटीच्या जातीची विषं त्याच्या मांसात साठतात. किनाऱ्याचं प्रदूषण शिंपल्यांकडून मोजा, असं एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७५ सालीच मांडलं. पोलंडच्या वॉर्सा शहरात तर पिण्याच्या पाण्यावर आठ शिंपल्यांचा पहारा असतो. त्यांनी कवचं मिटली की धोक्याचा इशारा जातो.

मोनोक्रोटोफॉससारखं औषध असं साठून राहत नाही, हे कबूल. पण त्याचा घाव जिवाच्या अंगातल्या विकरांवर काही दिवस राहतो, आणि तो प्रयोगशाळेत दिसतो. २०१७ साली पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसेक माणसं गेली. ती निदान मोजली तरी गेली. नदीतलं काय काय मेलं, ते कुणी मोजलं?

आजी ज्या शिंपल्याला दगडावर घासून भोक पाडायची आणि त्याच्या धारेनं कैरी सोलायची, तो याच डोहातला, तळहाताएवढा. आता तसे किती उरलेत? विषानं गेले की रेतीच्या ट्रॅक्टरमधून गेले, हेही कळू द्या.

मागणी साधी आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि फवारणीचा हंगाम संपल्यावर एकदा, दोन्ही काठांचे शिंपले प्रयोगशाळेत जावेत. अलीकडचं तेलंगणाचं प्रदूषण मंडळ नि पलीकडचं महाराष्ट्राचं, दोघांनी आकडे एकाच कागदावर मांडावेत. तो कागद तेलुगू, मराठी, गोंडीत पंचायतीच्या भिंतीवर लागावा.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा आहे. येण्याआधी आपापल्या गावच्या डोहात शिंपले शोधा. जिवंत असतील तर मोजा आणि तिथंच राहू द्या. एकही सापडला नाही, तर तेही ठरावात लिहू.

— पैनगंगाकाठचे शेतकरी