पेरणीनंतरचे फर्मान

बाजार समितीत सोयाबीनची रास ओतली की खरेदीदार मूठभर दाणे उचलतो, त्यातला एक दाताखाली फोडतो आणि मग भाव बोलतो. ओलावा मोजायचे यंत्र शेजारीच असते, पण पहिला निकाल दाताचा. 2025च्या दिवाळीत मराठवाड्यातल्या बाजारांत तो जो आकडा बोलला, तो चार हजारांच्या आगेमागेच घुटमळत राहिला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ज्यांचे पीक पाण्यात उभे होते, त्यांच्या डागी मालाला तर तेवढेही नाहीत. सरकारने त्या हंगामासाठी जाहीर केलेला हमीभाव होता 5,328 रुपये. आदल्या वर्षी तो 4,892 होता आणि बाजार तेव्हाही याच चार हजारांच्या घरात होता. कागदावरचा भाव वर्षभरात 436 रुपये चढला, बाजार समितीतला जागचा हलला नाही.

याचे खापर व्यापाऱ्यावर फोडणे सोपे आहे. तो काही संत नव्हे. काडीकचरा, ओलावा, हमाली, तोलाई असे म्हणत पट्टीवर काय काय कापले जाते हे शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. पण लातूर, अकोला आणि इंदूर या तिन्ही बाजारांत एकाच वेळी मंदी असते, तेव्हा तिचे मूळ अडत्याच्या गादीखाली सापडत नाही. ते शोधायला दिल्लीतून निघालेल्या अधिसूचनांच्या तारखा वाचाव्या लागतात.

पहिली तारीख 14 सप्टेंबर 2024. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क त्या दिवसापासून शून्यावरून 20 टक्क्यांवर गेले. उपकर धरून प्रत्यक्ष बोजा साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झाला. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि सोयाबीनची काढणीही. दोन्ही हंगाम एकाच वेळी आल्याने निर्णयाचे ढोल भरपूर वाजले. प्रचारसभांतून क्विंटलला सहा हजार, सात हजार अशी भाषा झाली. तेल महागले हे खरे, घराघरातल्या फराळाच्या कढईला ते कळले. सोयाबीन मात्र महागले नाही.

ते का, हे समजायला तेल गिरणीचा हिशेब पुरतो. एक क्विंटल सोयाबीन गाळले की तेल निघते साधारण 18 किलो आणि पेंड, म्हणजे गिरणीच्या भाषेत डीओसी, 80 किलोच्या आसपास. आता समजा, आयातशुल्कामुळे तेल किलोमागे 20 रुपयांनी चढले. गिरणीवाल्याच्या हातात क्विंटलमागे 360 रुपये जास्त आले. पण त्याच वेळी पेंड किलोमागे पाचच रुपयांनी उतरली, तरी 80 किलोंवर 400 रुपये गेले. गिरणीचा पडता बसतो तो या बेरीज-वजाबाकीवर, मंत्र्यांच्या भाषणावर नव्हे. सोयाबीन आपल्याकडे तेलबिया म्हणून मोजले जाते, पण त्याचा भाव ठरतो कोंबड्यांच्या खाद्यावर. आपल्या धोरणकर्त्यांनी तेलाकडे पाहिले आणि पेंडीकडे पाठ केली.

पेंड का पडली? एक कारण बाहेरचे आहे: ब्राझीलमध्ये सोयाबीनचे विक्रमी पीक आले आणि जगभर पेंड स्वस्त झाली. आपली बिगर-जीएम पेंड त्या भावाला निर्यात होणे अवघड. दुसरे कारण मात्र शुद्ध देशी आहे, आणि त्याची गोष्ट जरा लांबून सुरू होते.

2022च्या एप्रिलमध्ये भारत जगाला गहू पुरवायला तयार असल्याचे आपण सांगत होतो. मार्चच्या उष्णतेच्या लाटेने दाणा आक्रसला होता, सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या 433 लाख टनांवरून 188 लाख टनांवर कोसळली आणि 13 मे रोजी गव्हाची निर्यात एका रात्रीत बंद झाली. मग पाळी तांदळाची. सप्टेंबर 2022 मध्ये तुकडा तांदळाच्या निर्यातीवर बंदी, 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर बंदी, पाठोपाठ उकड्या तांदळावर 20 टक्के निर्यातशुल्क. जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार दुकान बंद करून बसला तेव्हा जागतिक भाव दीड दशकातल्या उच्चांकावर पोचले. पश्चिम आफ्रिकेतल्या गरीब घरांनी ती किंमत मोजली. इकडे गोंदिया-भंडाऱ्यातल्या धान उत्पादकाला चढ्या भावाचा वाटा मिळाला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये बंदी उठेपर्यंत सरकारी वखारी ठासून भरल्या होत्या. 2024-25 मध्ये सुमारे दोन कोटी टनांची विक्रमी निर्यात होऊनही त्या रिकाम्या होईनात.

तेव्हा हा तांदूळ इथेनॉलच्या भट्ट्यांकडे वळवण्यात आला. 2024-25च्या इथेनॉल वर्षासाठी 52 लाख टनांचे वाटप झाले, दर क्विंटलला 2,250 रुपये. हाच तांदूळ खरेदी, वाहतूक, साठवण धरून सरकारला क्विंटलमागे चार हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे जो माल आदल्या वर्षी चढ्या भावाने परदेशी विकता आला असता, तो आपण आधी अडवला, मग सांभाळला आणि अखेर निम्म्या किमतीत गाळायला दिला.

इथपर्यंत हा सरकारी तिजोरीचा तोटा. पण धान्यापासून इथेनॉल काढले की मागे चोथा उरतो. डीडीजीएस नावाने तो कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो. त्यात प्रथिने भरपूर असतात आणि सोयापेंडीपेक्षा तो स्वस्त पडतो. खाद्य कारखान्यांनी सोयापेंड कमी करून हा चोथा वाढवला यात त्यांचे काय चुकले? पंजाब-छत्तीसगडच्या वखारीतला तांदूळ असा फिरत फिरत औशाच्या आणि वाशिमच्या सोयाबीनच्या मुळावर आला. एका मंत्रालयाने आयातशुल्क वाढवून सोयाबीनला वर ओढले, दुसऱ्याने भट्टीत तांदूळ घालून खाली ओढले, आणि दोघांनीही आपापल्या यशाची पत्रके काढली.

मक्याची कथा याच भट्टीतली. 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि आसवन्या मक्याकडे धावल्या. मका महागला, कुक्कुटपालकांनी ओरड केली, जून 2024 मध्ये 5 लाख टन मका 15 टक्के सवलतीच्या शुल्काने आणायला परवानगी मिळाली. मका निर्यात करणारा देश मका आयात करू लागला. शेतकऱ्याने हे सारे पाहिले आणि तेच केले जे कोणताही शहाणा माणूस करील: 2025च्या खरिपात देशभर सोयाबीनखालचे क्षेत्र घटले, मक्याचे वाढले. मग तो मका बाजारात आला आणि 2,400 रुपयांच्या हमीभावाच्या बराच खाली विकला गेला. सोयाबीन सोडून मक्याकडे गेलेल्या नाशिक-जळगावच्या शेतकऱ्याने आता कुठे जावे?

दुसरी तारीख 30 मे 2025. आठ महिन्यांपूर्वी वाढवलेले कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क 20 वरून 10 टक्के झाले. मृगाला आठवडा उरला होता, कृषी सेवा केंद्रांपुढे बियाण्यासाठी रांगा होत्या. सोयाबीनच्या पिशव्या घेऊन लोक घरी जात असताना हा निर्णय आला. महागाईच्या आकड्यात खाद्यतेल टोचत होते हे मान्य. गरीब घराला तेल परवडले पाहिजे, यात वाद असूच शकत नाही. पण त्यासाठी शिधावाटप आहे, थेट मदत आहे. शहरातल्या पिशवीबंद तेलाचा भाव पाच-दहा रुपयांनी उतरवण्याचे बिल दरवेळी कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावे का फाडले जाते? आणि ते फाडायचेच असेल, तर निदान पेरणीआधी दाखवावे.

ऑगस्ट 2021 अजून कुणी विसरलेले नाही. तेव्हा सोयाबीन दहा हजारांवर गेले होते. जीएम सोयाबीनचे बियाणे शेतात चालत नाही असे ज्या सरकारचे म्हणणे, त्याच सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि सप्टेंबरात नवा माल येईतो भाव निम्म्यावर आला. त्याच वर्षी 20 डिसेंबर रोजी सोयाबीन, मोहरी, हरभरा, गहू, धान, मूग आणि कच्चे पामतेल यांचे वायदे सेबीने थांबवले. एका वर्षासाठी म्हणून थांबवलेली ही सात वस्तूंची वायदेबाजारातली दारे मुदतवाढीवर मुदतवाढ घेत 2025 मध्येही बंदच राहिली. सामान्य शेतकरी वायद्यात उतरत नाही हे खरेच. पण जूनमध्ये पेरताना ऑक्टोबरचा अंदाज देणारा एकमेव उघड फलक तोच होता. तो काढून घेतल्यावर आता अंदाज फक्त मोठ्या आयातदारांकडे असतो.

सरकारी खरेदीवर विसंबावे, तर 2024च्या हंगामाचा अनुभव आहे. 12 टक्के ओलाव्याची अट 15 टक्के करायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. तोवर गरजवंतांनी माल विकून टाकला होता. मग केंद्रांवर बारदाना संपला. मुदतवाढ होत होत फेब्रुवारी आला आणि महाराष्ट्रात सुमारे 11 लाख टन खरेदी झाली. आजवरच्या मानाने हा आकडा मोठा, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नोंदणी करूनही मोजणीची पाळी न आलेले शेतकरी त्या आकड्यात दिसत नाहीत.

या देशाने तेलबियांत एकदा कमाल करून दाखवली होती. 1986 मध्ये तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि 1993-94 पर्यंत खाद्यतेलाची आयात गरजेच्या 3 टक्क्यांवर आली. बियाणे, खरेदी आणि आयातीवरचा बांध या तिन्ही गोष्टी तेव्हा काही वर्षे एका दिशेने चालल्या. नंतर आयात खुली झाली, शुल्क 65 टक्क्यांवरून काही वर्षांतच 15 वर आले आणि आज निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. ऑक्टोबर 2024 मध्ये 10,103 कोटींचे नवे तेलबिया अभियान मंजूर झाले. 2030-31 पर्यंत उत्पादन 390 लाख टनांवरून 697 लाख टनांवर न्यायचे आहे. पैसा ठीक आहे. पण शुल्काचा आकडा वर्षभरही टिकत नसेल, तर सात वर्षांच्या उद्दिष्टावर पेरायचे कुणी?

मागणी फार मोठी नाही. तेल, पेंड, मका आणि तांदूळ यांच्या आयात-निर्यातीचे नियम एप्रिलअखेर जाहीर व्हावेत आणि पुढच्या एप्रिलपर्यंत हलू नयेत. बाजारभाव हमीभावाखाली असेल, तर त्या पिकाचे शुल्क कमी करता येणार नाही, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घ्यावे. सोयाबीन तेलावर जागतिक व्यापार संघटनेने 45 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. तिच्या आतही पुरेशी जागा आहे. वखारीतला तांदूळ भट्टीत किती जाणार, हेही त्याच दिवशी सांगावे, कारण सोयाबीनच्या भावाशी त्याचा संबंध तेलापेक्षा जवळचा झाला आहे.

1 ऑक्टोबर 2025 रोजी रब्बीचे हमीभाव जाहीर झाले. गव्हाला 2,585, मोहरीला 6,200, आणि सर्वाधिक, 600 रुपयांची वाढ करडईला: 6,540. मराठवाड्याच्या काळ्या रानात एकेकाळी करडई मैलोगणती फुलायची. आता ती काट्यांमुळे कापायला मजूर मिळत नाहीत म्हणून आणि विकायला बाजार मिळत नाही म्हणून बांधाकडे सरकली आहे. पुरात खरीप गमावलेल्या एखाद्याला हा आकडा वाचून चार एकर करडई पेरावीशी वाटेल. वाफसा आला आहे, तिफण तयार आहे. ती कापणीला येईल तेव्हा, मार्चमध्ये, सूर्यफूल तेलावरचे शुल्क किती असेल, हे त्याला आज कुणी सांगेल काय?