गरोदर बाईचे वजन आणि उसाचा फड

जून 2025 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या आरोग्य तपासणीचे आकडे बाहेर आले. 843 महिलांची गर्भाशये काढलेली, ही बातमी सगळीकडे गाजली. गाजायलाच हवी होती. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी झालेल्या पाहणीत हाच आकडा 13,861 निघाला होता. पण 2025 च्या त्याच तपासणीत आणखी एक आकडा होता आणि त्यावर फारसे कोणी बोलले नाही. 1,523 महिला पोटात बाळ असताना फडात काम करत होत्या.

आम्हाला हा दुसरा आकडा जास्त बोचतो. पहिल्या आकड्यातला अन्याय निदान दिसतो. दुसऱ्यातला अन्याय वजनकाट्यावर दिसतो आणि नेमका तो काटाच तिथे नसतो.

आपल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचा साधा हिशेब असा आहे की गरोदरपणात बाईचे वजन 9 ते 11 किलो वाढावे. मुळात अंगाने बारीक असलेल्या बाईचे त्याहून थोडे जास्त, लठ्ठ असलेल्या बाईचे कमी. यात बाळाचे वजन जेमतेम तीन किलो. बाकीचे म्हणजे वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय, आईच्या अंगात वाढलेले रक्त आणि पुढे दूध पाजायला लागणारी चरबीची शिदोरी. पहिल्या तीन महिन्यांत वजन फार वाढत नाही, उलट्यांमुळे उलट घटतेही. त्यानंतर मात्र दर महिन्याला सुमारे दोन किलो वाढले पाहिजे. सगळे मिळून पाच-सहा किलोच वाढले, तर बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याची भीती असते.

आता कॅलेंडर काढून बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. त्या वेळी जिला तिसरा-चौथा महिना आहे, तिचे सगळे दोन-दोन किलोचे महिने फडातच जातात. पहाटे अंधारात उठायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायच्या. या कष्टाला साध्या माणसाहून कितीतरी जास्त खाणे लागते. पोटातल्या बाळाचे वेगळे. आणि खाणे काय, तर पहाटे थापलेली भाकरी, चटणी, जमलेच तर कालवण.

मग ती घरी का राहत नाही? कारण मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती थांबली तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. म्हणून तिला "आराम कर, चांगलंचुंगलं खा" असा सल्ला देणाऱ्यांनी आधी तिच्या खाड्याचे पैसे कोण भरणार ते सांगावे.

अंगणवाडीतून गरोदर मातेला पूरक आहार मिळतो. नियमाने तो रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिने इतका असतो. पण तिचे नाव गावच्या अंगणवाडीत असते आणि ती असते दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या कोपीत. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करता येते, म्हणजे कागदावर वाट आहे. पण कोपीपर्यंत कोण जाणार? राज्याने 2015 मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. त्यात गरोदर बाईला रोज एक वेळचे गरम, पोटभर जेवण मिळते. बीड आदिवासी क्षेत्रात नाही, म्हणून इथली बाई त्यात बसत नाही. कारखान्याच्या तळावर अशी एक चूल पेटवायला काय हरकत आहे? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे आणि त्यासाठी उसाच्या टनामागे पैसेही जमा करायचे ठरलेले आहे. हा सवाल आमदार-खासदारांना विचारायचा आपला हक आहे. टोळ्यांमध्ये सगळ्याच समाजांचे लोक आहेत, आपलेही.

2026 चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्या वेळी कित्येक कारखान्यांचे गाळप सुरूच असते. कोयता चालवायचा, पोटात सहावा-सातवा महिना आणि वर रोजा! गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या बाईला स्वतःची वा बाळाची काळजी वाटत असेल, तर रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा शरीयतने दिली आहे. हे बहुतेक बायकांना माहीत असते. तरीही "लोक काय म्हणतील" म्हणून त्या रोजा धरतात. बायकांना ही मुभा ठाऊक असून भागत नाही, सासू-नवऱ्यालाही पटायला हवी. म्हणून इमाम साहेबांनी रमजानच्या आधीच्या जुम्याला यावर पाच मिनिटे बोलावे.

बीड, परळी, अंबाजोगाईच्या मोहल्ल्यांत गोष्ट थोडी वेगळी आहे. काही घरांत "दो जनों का खाना" म्हणून सुनेला तूप, मिठाई, बिर्याणी चालूच असते आणि वजन पंधरा-अठरा किलोवर जाते. मग साखर वाढते. शेजारच्याच घरात उलटा कारभार: बाळ मोठे झाले तर सिझर होईल, म्हणून सातव्या महिन्यापासून सुनेचे ताट लहान करतात. आईने उपाशी राहून प्रसूती सोपी होत नाही, बाळ मात्र कमजोर होते. आणि दस्तरखानावर ती शेवटीच बसते, तोवर पातेल्यात रस्साच उरलेला असतो. अंडे, डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दूध, खजूर हे काही महाग औषध नव्हे. चहा मात्र जेवणाला लागून नको, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

आणखी एक कडू गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वर्षांच्या सुमारे 44 टक्के मुलींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आठवी-नववीच्या बाकावरून उठून गेलेल्या या मुली. त्यांची स्वतःचीच हाडे वाढत असतात, मग एका ताटात दोन वाढणारे जीव वाटेकरी होतात. आम्ही शिक्षक पटावर त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहीत राहतो.

घरात कोणी गरोदर असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड उघडून वजनाचा रकाना पाहा. दोन भेटींत वजन वाढलेच नसेल तर आशाताईंना विचारा. एका महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढले, चेहऱ्यावर सूज आली, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या, उद्यावर ढकलू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. टोळीबरोबर जाणाऱ्या बाईने कार्ड सोबत न्यावे. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तिचे वजन करून त्याच कार्डावर लिहिता येते. त्यासाठी महिन्यातून एक दिवस मुकादमाने खाडा न धरता तिला सोडावे, एवढी अट तरी उचल घेतानाच घालून घ्यावी.